टीव्हीवर पाहिलं आणि घेतलं? पांढुर्णा-सौंसर भागातल्या एका समजुतीची तपासणी

आपल्या मंडळाच्या बैठकीत ऐंशी-नव्वदच्या दशकाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "टीव्ही आला अन् बाजार बदलला." संकेतस्थळावरच्या जुन्या निबंधांतही हे वाक्य वेगवेगळ्या रूपात सापडतं. टीव्हीवर वस्तू वापरून दाखवली, लोकांनी पाहिली, दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मागितली, असा सरळ हिशेब त्यात धरलेला असतो. मीही एकेकाळी असंच लिहिलं आहे, म्हणून ही टीका आधी माझ्यावरच समजावी. आता मला हा हिशेब चुकीचा वाटतो. तो पूर्ण खोटा नाही, पण त्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या गेल्या आहेत. इथे त्या वेगळ्या करून पाहतो.

आधी आपल्याकडं टीव्ही कुठून आला ते पाहू. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण आपले सोयरे, दवाखाने, संत्र्याचे अडते नागपूरलाच राहिले. टीव्हीचंही तसंच झालं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाचा उपग्रह-दूरदर्शनाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक संच बसवले गेले. त्यात मध्य प्रदेश होता, पण ती गावं रायपूरकडची. आपल्याकडं टीव्ही पोचला तो ऐंशीच्या दशकात, नागपूरच्या बाजूनं. सौंसर आणि पांढुर्णा सातपुड्याच्या पायथ्याशी, नागपूरच्या मैदानाच्या काठावर आहेत. छतावर उंच बांबू, त्याला अँटेना, खाली बूस्टर, आणि तोंड नागपूरकडं. एक जण छतावर अँटेना फिरवून राहिला आहे आणि खालून दुसरा "आला, आला, गेला" ओरडून राहिला आहे, हे चित्र त्या वेळच्या कोणालाही आठवेल.

म्हणजे आपल्यासाठी 'स्थानिक' टीव्ही हा दुसऱ्या राज्यातला होता, आणि तरी भाषेनं तोच आपला होता. संध्याकाळी मराठी कार्यक्रम आणि रात्री दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ पासूनचं. जाहिराती मात्र दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासूनच सुरू झाल्या होत्या. आपल्या घरात संच आला तेव्हा जाहिराती त्याच्यासोबतच आल्या. जाहिरातींविना टीव्ही आपण पाहिलाच नाही.

आता मूळ मुद्दा, वस्तू वापरून दाखवण्याचा. हे टीव्हीनं शोधलं नाही. बाजाराच्या दिवशी चादर पसरून बसणारा माणूस हेच करायचा. काळं दंतमंजन विकणारा, जुनं नाणं घासून चमकवणारा, काच कापायची हिऱ्याची कलम विकणारा, सुईत दोरा ओवायचं यंत्र विकणारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीकाठी गर्दी लोटते तेव्हा किंवा जामसावळीच्या वाटेवर असे विक्रेते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

अमेरिकेतही टीव्हीनं हे बाजारातूनच उचललं. रॉन पोपील हा तिथला या धंद्यातला सगळ्यात नावाजलेला माणूस. तो शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात उभा राहून बोलायला शिकला, वडिलांच्या कारखान्यातली भाजी चिरायची यंत्रं दुकानात लोकांसमोर चालवून विकायला लागला, आणि पन्नाशीच्या दशकात तेच बोलणं घेऊन टीव्हीवर गेला. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, क्लीव्हलंडच्या स्थानिक केंद्रावर व्हिटामिक्स मिक्सरच्या मालकानं मिक्सर चालवून दाखवणारा लांबलचक कार्यक्रम केला. ती कंपनी अजूनही हा आपला मोठा टप्पा म्हणून सांगते.

थेट प्रक्षेपणाच्या त्या दिवसांत फजितीही व्हायची. १९५४ मध्ये वेस्टिंगहाउसच्या फ्रिजच्या जाहिरातीत जून ग्रॅहम नावाची निवेदिका दार किती सहज उघडतं ते सांगत होती, आणि दार काही उघडेना. लाखो लोकांनी ते पाहिलं. माझ्या मते ती जाहिरात त्या काळातली सगळ्यात प्रामाणिक जाहिरात होती, कारण तिच्यात वस्तूला नापास व्हायची मोकळीक होती.

चित्रीकरण आलं आणि ही मोकळीक गेली. कोलगेट-पामोलिव्हच्या रॅपिड शेव्ह या दाढीच्या क्रीमची जाहिरात याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. क्रीम लावून सँडपेपर एका फटक्यात 'भादरलेला' दाखवला होता. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच. काचेसारख्या प्लॅस्टिकवर वाळू टाकलेली होती. खरा सँडपेपर त्या क्रीममध्ये सुमारे ८० मिनिटं भिजवावा लागत होता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये निकाल लागला की प्रेक्षकाला 'तुम्ही स्वतः पाहून राहिले' असं भासवून नकली वस्तू दाखवणं ही फसवणूक आहे. कंपनीचं म्हणणं होतं की क्रीम खरंच तसं काम करतं, फक्त टीव्हीवर सँडपेपर नीट दिसत नाही. न्यायालयाला ते पटलं नाही. दावा खरा असला तरी पुरावा खोटा दाखवता येत नाही, हा फरक मला आपल्या विषयासाठी फार कामाचा वाटतो.

आता आपल्या पडद्याकडं वळू. ऐंशीच्या दशकातल्या जाहिराती आठवायला सांगितलं की लोक पहिल्यांदा निरमा आणि सर्फच्या ललिताजींचं नाव घेतात. पण या दोन्हींत वापरून दाखवणं किती होतं? निरमात गाणं होतं आणि गिरकी घेणारी मुलगी होती. ललिताजींच्या जाहिरातीत हिशेब होता : महाग पावडर कमी लागते, म्हणून ती स्वस्त पडते. म्हणजे एक गाणं आणि एक युक्तिवाद. आणि झालं काय? बाजार निरमानं मारला, कारण तिची किंमत सर्फच्या जवळपास पाव होती. १९८७-८८ च्या सुमारास हिंदुस्थान लिव्हरला स्वस्तातलं 'व्हील' आणावं लागलं ते याच कारणानं. किराणा दुकानात बायांनी भाव विचारला, एक पुडा नेला, नदीवर नाहीतर नळावर कपडे धुऊन पाहिले आणि मग पुन्हा नेला. वापरून पाहणं झालं ते धुण्याच्या दगडावर.

मॅगीचं उदाहरण याच्या उलट आहे. जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झालं, आणि त्याच्या प्रायोजकत्वाबरोबर या शेवया घरोघर पोचल्या. इथे दाखवण्याला महत्त्व होतं, कारण ही वस्तू कशी करायची हेच लोकांना माहीत नव्हतं. आपल्याकडं शेवया म्हणजे गव्हाच्या, पाटावर नाहीतर यंत्रावर केलेल्या, उन्हात वाळवलेल्या. पुडा फोडून पाण्यात टाकायचा आणि मसाल्याची पुडी वरून टाकायची, ही कृती टीव्हीनं शिकवली. दोन मिनिटांचा दावा कोणाच्याच स्टोव्हवर खरा ठरला नाही, पण त्यानं काही बिघडलं नाही. लोकांनी जाहिरातीतून पुरावा घेतलाच नव्हता, त्यांनी कृती घेतली होती.

विकोचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. केशव विष्णू पेंढरकर मूळ नागपूरचे. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत कंपनी काढली आणि सुरुवातीला दंतमंजन दारोदार जाऊन विकलं. टीव्हीवर 'ये जो है ज़िंदगी' मालिकेची प्रायोजक हीच कंपनी. जाहिरातीत वनौषधींची यादी होती. ज्या गावात सकाळी बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या काडीनं दात घासायचे, तिथं त्या यादीला टीव्हीच्या शिक्क्याची गरज नव्हती. पुरावा लोकांच्या तोंडात आधीच होता. टीव्हीनं फक्त त्याला डबी आणि नाव दिलं.

इथवर आलं की मला दिसतं ते असं : टीव्हीवरचं वापरून दाखवणं कृती शिकवण्यात पटाईत आणि खात्री पटवण्यात कच्चं होतं. खात्री पटवायला एक गोष्ट लागते, ती म्हणजे डाग, धूळ, नाणं किंवा केस आपला असावा लागतो.

ज्यांना हे नीट कळलं त्यांनी टीव्हीवर भिस्त ठेवली नाही. युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ मध्ये निघाली आणि तिनं व्हॅक्यूम क्लीनर घरोघर जाऊन विकले. विक्रेता तुमच्याच गादीवर, तुमच्याच सोफ्यावर यंत्र फिरवायचा आणि निघालेली धूळ तुमच्यासमोर ओतायचा. त्या धुळीवर कोण काय वाद घालणार? तमिळनाडूत चिक शाम्पूच्या लोकांनी गावागावांत पोरांचे केस सगळ्यांसमोर धुतले आणि जमलेल्यांना हात लावून, वास घेऊन पाहायला सांगितलं. पुडी स्वस्त होती आणि डोकं गावातल्याच पोराचं होतं.

आणि खुद्द टीव्ही संच कसा विकला गेला? आपल्या मंडळीला हे सगळ्यात चांगलं ठाऊक आहे. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं. ज्याच्या घरी संच त्याच्या अंगणात रविवारी सकाळी अख्खी आळी. कोणत्या कंपनीचा संच पावसाळ्यात टिकतो, कोणत्याचं चित्र व्होल्टेज पडलं की आकसतं, कोणत्याचा मेकॅनिक नागपूरहून बोलवावा लागतो, हे लोकांनी तिथं बसून वर्षभर पाहिलं. तीच वीज, तीच अँटेना, तोच पाऊस. शेजाऱ्याच्या ओसरीतलं हे प्रात्यक्षिक कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठं होतं, आणि ते कोणी विकायला म्हणून मांडलं नव्हतं.

आता शेतीकडं येतो, कारण चुकीच्या समजुतीची खरी किंमत तिथं मोजावी लागते. दूरदर्शनवर 'कृषि दर्शन' २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी सुरू झालं. मराठीत मुंबई केंद्राचं 'आमची माती आमची माणसं' घरोघर पाहिलं जायचं. या कार्यक्रमांत काही विकायचं नव्हतं, पण त्यांतून विकलं खूप गेलं : बियाणं, खत, पंप, औषध. कारण तिथं कृती शिकवली जात होती.

त्यातही दोन प्रकार होते. एक बोर्डो मिश्रणाचा. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या लागू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात. फवाऱ्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मिश्रण बरोबर झालं का, हे पाहायची रीत अशी की त्यात लोखंडी पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त, अजून चुना टाका. हे शिकवलं की शेतकऱ्याच्या हाती औषधासोबत औषधाची परीक्षाही येते. दाखवणारा गेला, टीव्ही बंद झाला, तरी विळा आपल्याच घरचा असतो. पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदारांच्या घरात ही रीत अजून चालते.

दुसरा प्रकार कपाशीवरच्या फवारणीचा. ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं आली. फवारलं की बोंडअळी पडताना डोळ्यांनी दिसायची. दाखवायला यापेक्षा सोपं काय? पण अळीत प्रतिकारशक्ती वाढते हे एका फवारणीत दिसत नाही, त्याला हंगाम जावे लागतात. पांढरी माशी पुढच्या वर्षी उसळते, तेही त्या दिवशी दिसत नाही. १९८७-८८ मध्ये आंध्रात कपाशी बुडाली आणि शेतकऱ्यांनी जीव दिले, त्यामागं हे मोठं कारण होतं. सौंसर-पांढुर्ण्यातही कपाशीच होती, औषधंही तीच होती. दोष एकट्या टीव्हीचा नाही. कृषी केंद्राच्या दुकानात, उधारीच्या वहीत, शेजाऱ्याच्या फवाऱ्यातही तो वाटला गेला आहे. पण जे एका दिवसात दिसतं तेवढंच खरं मानायची सवय आपल्याला या दाखवण्यानं लावली, हे मात्र मला म्हणायचं आहे. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. तो कधीच 'वापरून' दाखवता येत नाही, तो वाचावा लागतो.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि मागोमाग टेलिशॉपिंग. दुपारी अर्धा-अर्धा तास गोरी माणसं हिंदी डबिंगमध्ये आश्चर्य करून राहायची. वस्तू व्ही.पी.पी.नं यायची, म्हणजे पोस्टमनला पैसे आधी द्यायचे आणि डबा नंतर उघडायचा. माझ्या आत्यानं असंच एक भाजी चिरायचं यंत्र मागवलं. कंपनीचं नाव सांगत नाही, आता त्यात अर्थ नाही. पडद्यावर त्या यंत्रानं गाजर, कांदा, टमाटर, उकडलेलं अंडं, सगळं एका झटक्यात कापलं होतं. आत्यानं पहिल्याच दिवशी पिकलं टमाटर ठेवलं आणि दाबलं. चटणी झाली. दोन दिवसांनी कांद्यावर एक पातं वाकलं. परत कोणाला पाठवणार? डब्यावर दुसऱ्या टोकाच्या शहरातला एक पोस्ट बॉक्स नंबर होता. फुफाजी वर्षभर ते टमाटर काढून राहिले, "काहो, आज चटणी का?"

काही महिन्यांनी बाजारात एक जण तसलंच यंत्र घेऊन बसला होता. जास्त साधं, लाकडी पाटीवर पातं. समोर काकडी, बटाटे, गाजर रचलेले. आत्या थांबली, पिशवीतून पिकलं टमाटर काढलं आणि म्हणाली, "भाऊ, याचं करून दाखवा."

त्यानं टमाटर हातात घेऊन दाबून पाहिलं आणि परत दिलं. "काकू, याच्यानं नाही होत. टमाटराला सुरीच लागते. बटाट्याचं मात्र मी तुमच्यासमोर किलोभर कापून देतो."

आत्यानं ते यंत्र घेतलं. मी तेव्हा सोबत होतो आणि मला हे समजलं नाही. एक फसलेलं घरी असताना दुसरं का? ती म्हणाली, "तो नाही म्हणाला ना." एवढंच. ते पातं अजून चुलत भावाकडं आहे, पोळ्याला बटाट्याचे काप त्याच्यावरच होतात.

माझा सगळा मुद्दा या प्रसंगात आहे. बाजारातला विक्रेता काही साधू नव्हता. तोही कडक बटाटे निवडून आणायचा, त्याचाही हात सरावलेला असायचा. पण समोरच्याला आपलं टमाटर काढायची मुभा होती, आणि विक्रेत्याला 'नाही' म्हणायची पाळी येऊ शकत होती. टीव्हीवर ती पाळी कधीच येत नाही. कायद्यानं पुढं बरंच काही केलं. १९८५ मध्ये जाहिरात क्षेत्रानं स्वतःची मानक परिषद काढली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ मध्ये नवा आला आणि २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण कायदा पोचतो तो फसल्यावर. आत्याचं टमाटर आधी पोचलं होतं.

कोणी म्हणेल, मग टीव्हीचा काहीच वाटा नाही का? आहे. टीव्हीनं वस्तूंची नावं घरात आणली, कृती शिकवली, आणि सौंसरच्या बाईला नागपूरच्या बाईइतकीच माहिती एकाच संध्याकाळी दिली. भोपाळ आणि मुंबई यांच्या मधल्या सांदीत पडलेल्या आपल्या मुलखासाठी हे थोडं नाही. पण 'पाहिलं' आणि 'घेतलं' यांच्या मधे किमतीची, उधारीची, शेजाऱ्याच्या ओसरीची आणि धुण्याच्या दगडाची एक लांब वाट आहे. आपण निबंध लिहिताना ती वाट गाळतो आणि सगळं श्रेय संचाला देऊन मोकळे होतो.

म्हणून एक सूचना. पुढं कोणी या विषयावर लिहिणार असेल तर 'टीव्हीवर काय पाहिलं' एवढंच विचारून थांबू नये. आजी-मावश्यांना विचारावं : ती वस्तू पहिल्यांदा कोणाच्या घरी चालताना पाहिली? कोणत्या दुकानातून आणली, रोख की उधार? आणि कोणती वस्तू घेऊन पस्तावलात? घरात कपाटाच्या तळाशी जुनी वॉरंटी कार्डं, किराण्याच्या वह्या, मनीऑर्डर आणि व्ही.पी.पी.च्या पावत्या पडल्या असतील. त्यांच्यावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख असते. आता पांढुर्णा २०२३ पासून वेगळा जिल्हा झाला आहे, तर निदान जिल्ह्याचा हा घरगुती इतिहास तरी आपण तारखेनिशी मांडू. ज्यांच्याकडं असे कागद असतील त्यांनी फेकण्याआधी एकदा मंडळाला दाखवावेत.